डोंगरात गांजाचा चोरटा मळा लागला तर? शिकारी आणि भटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर कॅलिफोर्नियात मी नऊ-दहा वर्षं हरणांच्या हंगामात डोंगर चढतोय. नव्याने शिकारीचा परवाना काढलेले किंवा नुसतेच तंबू घेऊन फिरणारे मराठी मित्र दर ऑगस्टमध्ये हेच प्रश्न फोनवर विचारतात. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलं. कायद्याचा जो भाग आहे तो माहितीपुरता आहे. स्वतःचं प्रकरण असेल तर वकील गाठा.

कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर झाला ना? मग 'चोरटा मळा' कसला?

राज्यापुरता झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी प्रस्ताव ६४ मंजूर केला आणि १ जानेवारी २०१८ पासून परवानाधारक दुकानांत विक्री सुरू झाली. २१ वर्षांवरच्या माणसाला घरी सहा रोपं लावता येतात, पण तीही बंदिस्त जागेत आणि रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी.

राष्ट्रीय वनं मात्र केंद्र सरकारची जमीन, आणि केंद्राचा १९७० चा अंमली पदार्थ कायदा तिथे लागू आहे. शास्ता-ट्रिनिटी असो, सिक्स रिव्हर्स असो की सिक्वोया, तिथे लावलेलं एक रोपसुद्धा गुन्हा आहे. राज्याचा परवाना तिथे दाखवून उपयोग नाही, आणि असा परवाना तिथल्या जागेसाठी मिळतही नाही. हा लेख अशाच मळ्यांबद्दल आहे: सरकारी रानात, कुणालाही न विचारता, झाडं तोडून लावलेले.

परवाना मिळत असताना लोक रानात का जातात?

जमीन फुकट, पाणी फुकट, कर नाही. परवाना घ्यायचा तर राज्याचे आणि काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) कागद, पाण्याच्या हक्काची नोंद, मालाची प्रयोगशाळेत तपासणी, आणि वर कर. शिवाय ज्या राज्यांत गांजा अजून बेकायदा आहे तिथे हाच माल जास्त भावाने खपतो, आणि परवानाधारकाला राज्याच्या सीमेबाहेर विकायला बंदी आहे. चोरट्याला सीमेचं काय!

शिक्षेचं गणितही विचित्र आहे. प्रस्ताव ६४ नंतर राज्याच्या कायद्यात सहापेक्षा जास्त रोपं लावणं हा बहुतेक वेळा किरकोळ गुन्हा ठरतो: सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड. आधीचे गुन्हे असतील किंवा ओढ्या-रानाची नासाडी केली असेल तर ते वाढतं. केंद्राच्या कायद्यात मात्र १०० रोपांना किमान पाच वर्षं आणि १,००० रोपांना किमान दहा वर्षं. म्हणून कुठल्या यंत्रणेने पकडलं यावर बरंच अवलंबून असतं.

पण हे मळे शिकाऱ्यांनाच का सापडतात?

कारण दोघांचं पंचांग एक आहे. रोपं एप्रिल-मेमध्ये रानात जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येतात. आपला हंगामही तेव्हाच. धनुष्यबाणाचा हंगाम काही विभागांत जुलैतच सुरू होतो, बंदुकीचा किनारपट्टीच्या 'ए' विभागात ऑगस्टमध्ये आणि उत्तरेच्या 'बी' विभागांत सप्टेंबरच्या मध्यावर. म्हणजे माल तयार होऊन उभा असतो, मळ्यातली माणसं सगळ्यात सावध असतात, आणि त्याच पहाटे आपण आवाज न करता, पायवाट सोडून, दुर्बीण लावून त्यांच्या दिशेने चढत असतो.

पायवाटेवरून गप्पा मारत जाणारा भटका मळ्यापासून अर्ध्या मैलावरून निघून जातो. त्याला काही दिसत नाही आणि त्याचं कुणी काही बिघडवत नाही. शिकारी नेमका जिथे कुणी जात नाही तिथेच जातो. हरणालाही दाट झुडूप, उतार आणि जवळ पाणी लागतं, मळेवाल्यालाही तेच.

कुठल्या खुणा ओळखायच्या?

पहिली आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे काळा पाइप. अर्धा-पाऊण इंच जाडीचा, पाल्याखाली अर्धवट झाकलेला, ओढ्याकडून वर कुठेतरी निघालेला. रानात ठिबकची नळी असायचं दुसरं कारण मला तरी अजून सापडलेलं नाही. मला पहिल्यांदा मळा लागला तो असाच. पहाटे साडेसहाला बुटाखाली काहीतरी गोल घरंगळलं. मला वाटलं साप. खाली पाहिलं आणि सापच बरा होता असं झालं.

बाकी खुणा: ओढ्यात दगड आणि प्लास्टिक लावून घातलेला छोटा बांध. झुडपांत एका उंचीवर करवतीने कापलेल्या फांद्या, कापलेला भाग नवा, पांढरा. खताच्या रिकाम्या गोण्या, गॅसच्या छोट्या टाक्या, ताडपत्री, टॉर्टियांची पाकिटं, टूनाचे डबे. नकाशावर नसलेली आणि तरी रोजच्या वापराने चोपलेली पाऊलवाट. रस्त्याच्या अगदी निर्जन वळणावर अंधारात कुणाला तरी उतरवून लगेच निघून जाणारी गाडी. आणि जिथे दहा मैलांत वस्ती नाही तिथे माणसांचे आवाज किंवा रेडिओ.

नुसता वास आला तर?

गांजाचा वास आणि स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचा वास यांत भल्याभल्यांची फसगत होते. स्कंकचा वास एका झुळकीत येतो आणि पुढे गेलं की विरतो. एकाच दिशेने, थांबून थांबून, बराच वेळ येत राहिला आणि जवळ पाइप किंवा वाटही दिसली तर शंका घ्या. नुसत्या वासावरून शेरीफला (काउंटीच्या पोलीसप्रमुखाला) फोन करायची गरज नाही. दिशा बदलून जा म्हणजे झालं.

मळा समोरच आला. आता नेमकं काय करायचं?

थांबा. जिथे पाय आहे तिथेच. मग ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे फिरा.

हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही. रोपं दिसली की माणसाचं डोकं लगेच मोजायला लागतं: किती असतील? अजून पुढे आहेत का? तंबू कुठे असेल? हे कुतूहलच घात करतं. जी वाट तुम्ही आत्ताच तुडवून आलात ती मोकळी आहे हे तुम्हाला माहीत आहे. बाकी कुठल्याही दिशेबद्दल तसं म्हणता येत नाही. जवळचा रस्ता म्हणून मळ्याला वळसा घालून पुढे जाऊ नका, कारण माणसांची राहुटी मळ्याच्या आत नसते, थोडी बाजूला असते, आणि वळसा घालणारा नेमका तिच्यावर जाऊन धडकतो.

फोनवर जीपीएस चालू असेल तर चालता चालता एक बिंदू टिपून ठेवा. त्यासाठी उभे राहून खटपट करू नका. आवाज खाली. सोबत्याला हाक मारू नका, हाताने खुणवा. आम्ही सोबत जाताना आधीच ठरवून ठेवतो: टोपी काढून हातात धरली की बोलायचं नाही, वळायचं. मुलं बरोबर असतील तर ती तुमच्या पुढे आणि तुम्ही मागे.

एखादी टेकडी ओलांडेपर्यंत थांबू नका. घोटभर पाणी, हातपाय थरथरणं, 'बाप रे, पाहिलंस का' हे सगळं गाडीपाशी.

समोर माणूसच आला तर?

बहुधा तोही तुमच्याइतकाच दचकलेला असतो. मळ्यात राहणारी माणसं मालक नसतात. तीन-चार महिने रानात झोपणारे, शिध्याची वाट पाहणारे मजूर असतात, काहींच्या डोक्यावर त्यांना तिथे आणणाऱ्यांचं कर्ज असतं. मालक दूर कुठेतरी घरात असतो. अशी माणसं अनेकदा पळून लपणंच पसंत करतात. पण त्यांच्याकडे हत्यार असू शकतं, आणि हंगामभराच्या पिकाची जबाबदारी डोक्यावर असलेला घाबरलेला माणूस काय करेल याचा नेम नाही.

म्हणून हात दिसतील असे ठेवा, बंदूक खांद्यावर आणि नळी जमिनीकडे. 'हरणामागे आलो होतो, चुकलो, परत जातोय' एवढं बोला आणि चालायला लागा. रोपांकडे पाहू नका. पोलिसांचा उल्लेख नको, फोन हातात नको, 'मी कुणाला सांगणार नाही' असलं आश्वासनही नको. त्या वाक्याने तुम्ही सगळं पाहिलंय हेच सांगता.

हा धोका कल्पनेतला नाही. कॅलिफोर्नियातल्याच फोर्ट ब्रॅग गावाचे माजी महापौर आणि तेव्हाचे नगरसेवक जेरे मेलो २०११ च्या ऑगस्टमध्ये एका लाकूड कंपनीच्या रानात अवैध लागवडीची पाहणी करायला गेले असताना गोळीबारात मारले गेले. ते रान त्यांच्या रोजच्या पायाखालचं होतं.

सापळे लावलेले असतात असं ऐकलं. खरं का?

गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात: डोळ्यांच्या उंचीवर टांगलेले मासेमारीचे गळ, तारेला बांधलेलं काडतूस. प्रत्यक्षात शिकाऱ्याला त्यापेक्षा विषाच्या बाटलीचा धोका जास्त, त्याबद्दल पुढे येतंच. पण गोष्टी निव्वळ थापा नाहीत. केंद्राच्या सरकारी जमिनीवर लागवडीच्या राखणीला सापळा लावणं हा कायद्यात वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. आलेल्या पावलांनीच परत फिरायचं ते यासाठीही.

पुरावा म्हणून फोटो काढू का?

नको. तक्रार घेणाऱ्यांना जीपीएसचा बिंदू हवा असतो, फोटो नाही. मळ्यातल्या माणसाला लांबून एवढंच दिसतं की कुणीतरी त्याच्यावर काहीतरी रोखलंय. आणि घरी आल्यावर तो फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा मोह होतोच. मग ठिकाण सगळीकडे फिरतं, दोन उत्साही पोरं 'बघून येतो' म्हणून निघतात, आणि कारवाई व्हायच्या आत मळेवाल्यांना वास लागतो.

आठवण म्हणून एक बोंड तोडलं तर काय बिघडतं? दुकानात मिळतंच की.

दुकानात मिळतं ते राज्याच्या जमिनीवर, राज्याच्या कायद्याने. राष्ट्रीय वनात उभं राहून तुम्ही जे खिशात घालता ती केंद्राच्या कायद्याने अंमली पदार्थ बाळगण्याची केस आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १,००० डॉलर दंड. शिवाय त्या बोंडावर काय फवारलंय हे फवारणाऱ्यालाच ठाऊक.

मी एच-वन-बी वर आहे. ग्रीन कार्डची वाट पाहतोय. मला वेगळं काही जपायला हवं का?

हो, आणि या पानावरचा सगळ्यात नीट वाचायचा भाग हाच आहे, कारण आपल्यातले बरेच जण याच रांगेत उभे आहेत आणि 'राज्यात चालतं' या वाक्यावर विसंबतात.

इमिग्रेशन हा पूर्णपणे केंद्राचा विषय. तिथे राज्याचा कायदा विचारात घेतला जात नाही. अंमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. शिक्षा झालेली नसतानाही, असा गुन्हा केल्याची कबुली दिली तरी नाकारला जाऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी गप्पांच्या ओघात बोललेलं वाक्यही यात येऊ शकतं. नागरिकत्वाच्या अर्जातही 'चांगली वर्तणूक' सिद्ध करावी लागते. राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा व्यवहारही तिथे आड येऊ शकतो, हे नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं.

आता हे मळ्याशी जोडून बघा. तुम्ही चुकून मळ्यात शिरलात, बाहेर आलात आणि कळवलंत: तुम्ही फक्त साक्षीदार आहात. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि कागदांच्या भीतीने तक्रार दाबूनही ठेवू नका. पण खिशात एक बोंड घेऊन बाहेर आलात आणि खाली रस्त्यावर वनखात्याच्या अधिकाऱ्याने गाडी थांबवली, तर तुम्ही साक्षीदाराचे आरोपी झालात. तेव्हा हात खिशात ठेवा, रोपांना नका लावू. आणि मळ्यातली 'पडलेली' कुठलीच वस्तू उचलू नका, अगदी चांगली कुऱ्हाड असली तरी.

व्हिसावर असताना बंदूक तरी बाळगता येते का?

साधारणपणे नाही. केंद्राच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे, पण वैध शिकार परवाना असलेल्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे परवाना संपला की सूटही संपली. तारीख बघत जा. कॅलिफोर्नियात परवान्याआधी शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि हरणासाठी वेगळा टॅग (त्या जनावरापुरती परवानगीची चिठ्ठी) घ्यावा लागतो.

याच विषयात गांजा पुन्हा येतो. बंदूक विकत घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर गांजाच्या वापराचा प्रश्न असतो, आणि राज्यात कायदेशीर असला तरी केंद्रात नाही अशी सूचना त्याच्या खालीच छापलेली असते. तिथे खोटं उत्तर देणं हाही गुन्हाच.

कळवायचं कुणाला? आणि काय सांगायचं?

कुणाचा पाठलाग होत असेल किंवा जीव धोक्यात असेल तर ९११. तसं नसेल तर त्या काउंटीचा शेरीफ, त्या राष्ट्रीय वनाचं कार्यालय, किंवा राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची 'कॅलटिप' लाइन: १-८८८-३३४-२२५८. कॅलटिपवर नाव न सांगताही माहिती देता येते. मी दोनदा कळवलंय, दोन्ही वेळा बिंदू, तारीख, वेळ, आणि 'मी कुठून चढलो, कुठे वळलो' एवढंच सांगितलं. माणसं दिसली का, हत्यार दिसलं का, कुठली गाडी उभी होती, हे विचारतात. ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, अंदाज नकोत.

एक अपेक्षा कमी ठेवा: फोन ठेवल्यावर हेलिकॉप्टर निघत नाही. आधी पाळत ठेवतात, माणसं जमवतात, कधी हंगाम संपेपर्यंत काहीच कळत नाही. एका वेळी मला कुणी उलट फोनही केला नाही, आणि पुढच्या वर्षी पाहिलं तर पाइप गेलेले होते. राज्याची गांजाविरोधी मोहीम १९८३ पासून 'कॅम्प' नावाने चालत होती. २०२२ मध्ये तिचं नाव आणि रूप बदललं आणि वर्षभर चालणारी तपास मोहीम झाली, कारण नुसती रोपं उपटून मालक सापडत नाहीत.

विषाचं एवढं काय? कीटकनाशक तर सगळेच शेतकरी वापरतात.

शेतकरी लेबल वाचून वापरतो, निदान वाचायला हवं. इथे वापरतात ते कार्बोफ्युरान. शेतीची पार्श्वभूमी असलेल्यांना 'फ्युराडान' म्हटलं की लगेच कळेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००९ मध्ये अन्नपिकांवरची त्याची मुभा काढून घेतली, म्हणून ते मेक्सिकोतून चोरून आणतात, सरबताच्या किंवा पाण्याच्या साध्या बाटलीत ओतून ठेवतात, आणि रोपांच्या भोवती शिंपडतात. उंदीर, खारी, हरणं रोपं खातात म्हणून. अस्वल तंबूतला शिधा पळवतं म्हणून उघड्या डब्यातल्या मासळीतही कालवतात.

या सगळ्याची नोंद पहिल्यांदा नीट झाली ती फिशर नावाच्या प्राण्यामुळे. पाणमांजराच्या कुळातला, झाडांवर राहणारा, मांजराएवढा, दाट केसांचा. वन्यजीव अभ्यासक मुराद गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ५८ मेलेल्या फिशरांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ४६ जणांच्या शरीरात उंदीर मारायचं विष सापडलं; हे कार्बोफ्युरानहून वेगळं, पण मळ्यांत तेही ठेवतात. हे प्राणी शेताजवळ, घराजवळ फिरकत नाहीत, दाट जुन्या रानात राहतात. मग विष आलं कुठून? रानातल्या मळ्यांतून. पुढे ठिपकेदार घुबडांतही तेच दिसलं, तपासलेल्या दहापैकी सातांत. सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या दक्षिण भागातला फिशर २०२० मध्ये केंद्राच्या संकटग्रस्त यादीत गेला.

आपल्यापुरतं सांगायचं तर: मळ्याच्या आसपासची कुठलीही बाटली, डबा, फवारणी पंप, हातमोजा, दोरी यांना हात लावू नका. कार्बोफ्युरान कातडीतून, श्वासातून शिरतं. कारवाईला गेलेल्या अधिकाऱ्यांनाही रुग्णालयात जावं लागलेलं आहे. लाळ गळणं, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, दरदरून घाम, उलटी, स्नायू फडफडणं किंवा गळून जाणं अशी लक्षणं दिसली तर ९११. नुसता संशय असेल तर विषबाधा केंद्र १-८००-२२२-१२२२, चोवीस तास. अंगावर उडालं असेल तर कपडे काढून साबणपाण्याने धुवा. डॉक्टरला 'कार्बामेट असू शकतं' (कार्बोफ्युरान त्याच गटातलं) एवढे शब्द सांगितलेत तर त्याचा वेळ वाचतो.

खालच्या ओढ्याचं पाणी गाळून प्यायलं तर चालेल?

नाही. आपण डोंगरात वापरतो ते पोकळ धाग्यांचे फिल्टर जंतू अडवतात, पाण्यात विरघळलेलं विष नाही. उकळूनही जात नाही. मळा किंवा नुसता पाइप दिसला की त्या ओढ्याच्या खालच्या अंगाचं पाणी त्या दिवसापुरतं विसरा, पाणी दुसऱ्या ओहोळातून घ्या. खत आत गेलं की ओढ्यात हिरवा शेवाळी गाळ धरतो, तोही एक इशारा.

पाणी किती जातं तेही बघा: उन्हाळ्यात एका रोपाला दिवसाला सुमारे २२ लिटर असा अंदाज अभ्यासक धरतात, काहींना तो जास्त वाटतो. अर्धा धरला तरी हजार रोपांचा मळा ऑगस्टमधला बारीक ओढा कोरडा करू शकतो, आणि त्याच ओढ्यात सामन माशांची पिल्लं असतात.

कुत्रा बरोबर असतो. त्याला काय सांभाळायचं?

त्याला तुमच्यासारखं 'थांब, मागे फिर' कळत नाही, आणि मासळीचा डबा त्याला माणसाच्या आधी सापडतो. अनोळखी भागात दोरी सोडू नका. काही चाटल्यासारखं वाटलं, लाळ गळायला लागली, पाय लटपटले, तर तोंड पाण्याने पुसून थेट पशुवैद्याकडे. उंदराच्या विषाचं उलट आहे: दोन-चार दिवस काहीच दिसत नाही, मग हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. म्हणून 'ठीक दिसतोय' म्हणून सोडून देऊ नका.

त्याच भागात मारलेल्या हरणाचं मांस खावं का?

मी खाणार नाही. निदान कलेजी तर अजिबात नाही, कारण उंदरांचं विष यकृतातच साठतं. सुस्त, माणसाला न घाबरणारं, अडखळत चालणारं जनावर दिसलं तर ते 'सोपं' समजून मारू नका, खात्याला कळवा. ज्या दरीत मळा दिसला तिथे मी त्या वर्षी टॅग वापरत नाही.

माझं जखमी झालेलं हरीण मळ्यातच शिरलं. आता?

हा प्रश्न ज्याने विचारला त्याच्यावर खरंच ही वेळ आली होती. जखमी जनावर सोडायचं नाही हा शिकारीतला पहिला शिष्टाचार, आणि त्याला ते सोडवेना. तरी उत्तर तेच: रक्ताचा शेवटचा थेंब जिथे दिसला तो बिंदू टिपा, मागे फिरा, गेम वॉर्डनला (वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला) फोन करा आणि दोन्ही गोष्टी सांगा, हरीण आणि मळा. प्रामाणिकपणे कळवलंत तर हरीण का सोडलं हे वॉर्डनला समजतं. ते हरीण बहुधा मिळणार नाही. त्याचं वाईट वाटतं, वाटू द्या.

रोपं कापून नेलेली, रिकामी जागा दिसली. मग तर काही धोका नाही?

माणसांचा कमी, विषाचा तेवढाच. पाइप, खत, बाटल्या सगळं तिथेच सोडून जातात आणि पुढच्या वर्षी बऱ्याचदा तिथेच परत येतात. 'चला, कचरा उचलून आणू' हा विचार चांगला असला तरी ते काम प्रशिक्षित पथकांचं आहे. ती विशेष पोशाख घालून, कधी हेलिकॉप्टरने कचरा उचलून नेतात. तुम्ही बिंदू कळवा.

हा कुणाच्या खासगी शेतातला परवानाधारक मळा नाही, हे कसं ओळखायचं?

त्याला रस्ता असतो, कुंपण असतं, पत्र्याची शेड आणि हरितगृह असतं. हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी या काउंट्यांत असे पुष्कळ आहेत. तिथे चुकून शिरलात तर घुसखोर तुम्ही. नकाशावर सरकारी आणि खासगी जमिनीच्या सीमा दाखवणारं ॲप घ्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, रेंज नसतेच.

आगीचा काही संबंध आहे का?

आहे. ऑगस्ट २००९ मध्ये लॉस पाद्रेस राष्ट्रीय वनात लागलेली ला ब्रेआ आग सुमारे ८९ हजार एकरांवर पसरली. ती गांजाच्या अवैध मळ्यातल्या स्वयंपाकाच्या चुलीवरून लागली, असं तपासात निघालं. वणव्याच्या दिवसांत जिथे वाट नाही तिथे धूर दिसला तर मळा आहे की नाही याचा विचार नको, ९११ लावा.

मग केशरी जाकीट घालू नये का? लांबून दिसतं.

घालाच. कॅलिफोर्नियात सक्ती नाही, पण हंगामात रानात दुसऱ्या शिकाऱ्याची चुकलेली गोळी हा मळेवाल्यापेक्षा रोजचा धोका आहे. आणि केशरी रंग मळेवाल्यालाही लांबूनच सांगतो की हा पोलीस नाही, माल चोरायला आलेला प्रतिस्पर्धीही नाही, हरणामागचा माणूस आहे. त्याला लपायला वेळ मिळतो, तुम्हाला तो भेटत नाही. दोघांचंही भलं.

म्हणजे सप्टेंबरात डोंगरात जाऊच नये?

जावं की. दहा वर्षांत मला दोन मळे लागले, आणि अडखळून पडून मनगट तीनदा दुखावलं. निघण्याआधी वनकार्यालयात फोन करून 'या भागात काही चाललंय का' विचारायचं. थेट सांगत नाहीत, पण 'दुसरी दरी बघा' म्हणाले तर दुसरी दरी बघायची. घरी कुणाला तरी कुठल्या ओढ्याने चढणार आणि किती वाजता गाडीपाशी येणार ते सांगून ठेवायचं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा ती सोय असलेला फोन बरोबर घ्यायचा. आणि पायाखाली काळी नळी लागली, तर त्या सकाळची शिकार तिथेच संपली असं धरून गाडीकडे वळायचं. साडेनऊपर्यंत कॉफी मिळते.